टांगलेलं पातेलं

सरांच्या हातचं जेवायचं तर आधी गप्प बसायला शिकावं लागे. पातेल्यात तांदूळ पडले, झाकणाच्या कडेनं कणकेची वळी लावून तोंड बंद झालं, की घरात कोणी चकार शब्द काढायचा नाही. मी धडगावला त्यांच्याच शाळेत नवा नवा नोकरीला लागलेला, देशावरचा माणूस, त्यांच्या शेजारच्याच क्वार्टरमध्ये राहायचो. पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा सवयीनं विचारलं, "सर, अजून किती वेळ?" त्यांनी नुसतं दाराकडे बोट केलं. मी मुकाट्यानं बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आत सर झाकणाजवळ कान नेऊन बसलेले. बऱ्याच वेळानं हाक आली, "ये आते. बोलनं बंद व्हयनं." बोलणं बंद झालं म्हणजे माझं नव्हे, पातेल्यातलं. आत पाणी शिल्लक असेपर्यंत भात बोलतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांना येत होता तो एवढाच एक पदार्थ. कोंबडा आणि भात, एकाच पातेल्यात. कांदा, लसूण आणि सुकं खोबरं निखाऱ्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, पाट्यावर वाटायचं, शेंगदाण्याच्या तेलात परतायचं. मग हळद-मीठ लावलेला कोंबडा, घरचा काळा मसाला, आणि पाणी घालायचं ते उकळतंच. गार पाणी घातलं तर मांस रुसतं म्हणायचे. कोंबडा अर्धा शिजला की धुतलेले तांदूळ वरून पसरायचे, वळी लावायची, खालची लाकडं ओढून घ्यायची आणि झाकणावर निखारे ठेवायचे. चव बघणं नाही, ढवळणं नाही. मी एकदा म्हटलं, रस्सा वेगळा, भात वेगळा केला तर काय बिघडेल? तर म्हणाले, "दोन भांडा घासाले आठे कोन शे?" त्यांची बायको-मुलं गावी, कोरीटला, शेतीवर. हे वर्षानुवर्षं इथं एकटे, गणित शिकवणारे आणि शनिवारी घरी जाणारे.

कोंबडा मात्र ते स्वतः निवडायचे. आठवडे बाजारात टोपल्यांसमोर उकिडवे बसून एकेकाच्या छातीचं हाड चाचपायचे, पंख उघडून बघायचे, मानेखाली फुंकर घालायचे. बाजूनं जाणारी पोरंसोरं हसायची. सरांचा ठाम दावा होता की एकदा त्यांनी हातात घेतलेला कोंबडा ते हजारांत ओळखतील. हा दावा पुढे आम्हा सगळ्यांच्या अंगाशी आला.

लोक त्यांना चक्रम म्हणत ते मात्र स्वयंपाकावरून नाही. हा माणूस कोणाचं काही खात नसे. लग्नाला जायचे, आहेर द्यायचे आणि पंगत बसायच्या आत परत. कोणा विद्यार्थ्याच्या बापानं सीताफळं आणून दिली तर त्याच जीपनं उलट पाठवायचे. शाळेतला चहासुद्धा नको. स्वतः मात्र दुसऱ्याला आग्रह करकरून वाढतील. मला या एकतर्फी व्यवहाराचा राग यायचा. एकदा मी आईनं पाठवलेले लाडू घेऊन गेलो आणि ते नाही म्हणाले, तेव्हा मी तडकलो. म्हटलं, "सर, लाडवात विष नाही घातलेलं."

त्या दिवशी त्यांनी मला ओट्यावर बसवून सांगितलं. तरुणपणी ते एका बूथवर निवडणुकीच्या ड्यूटीला होते. दुपारी एका घरून भाकरी-भाजी आली, बूथवरच्या सगळ्या कर्मचाऱ्यांनी खाल्ली. ते घर उमेदवाराचं निघालं. बोंबाबोंब झाली, मतदान पुन्हा घ्यावं लागलं आणि सर निलंबित झाले. पुढे कामावर घेतलं, पण कोरीटला जो तो विचारी, भाकरीवर विकला गेला तो तूच ना? सरांचे वडील त्यानंतर पारावर बसायला गेले नाहीत, ते शेवटपर्यंत. "एक भाकर खादी मी, मास्तर," सर म्हणाले. "नुसती एक. ती अजून पचनी नही." मी लाडू परत घेऊन आलो आणि एकट्यानं खाल्ले. चांगले लागले नाहीत.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे सरांच्या निवृत्तीला काही महिने उरले असताना आलेली ग्रामपंचायतीची निवडणूक. डोंगरातलं एक गाव, सरपंचपद बाईसाठी राखीव. सर केंद्राध्यक्ष, मी त्यांच्या हाताखाली, आणखी दोघे कर्मचारी आणि बंदोबस्ताला एक होमगार्ड. ग्रामपंचायतीची निवडणूक आमदारकीच्या निवडणुकीपेक्षा वाईट. तिथं कोण कोणाला मत देतं हे चुलीपाशी बसून ठरतं आणि चुली एकमेकींना लागून असतात.

सर जीपमध्ये बसले ते स्वतःचं पाणी, स्वतःचे तांदूळ, स्वतःचं पातेलं आणि पिशवीत जिवंत कोंबडा घेऊन. तांबडा, काळ्या शेपटीचा, पायाला सुतळी बांधलेला. मतदानाचं मशीन माझ्या मांडीवर, कोंबडा सरांच्या. घाटातल्या प्रत्येक वळणाला तो ओरडे आणि सर त्याला थोपटत. होमगार्ड तोंड फिरवून हसत होता.

दुपार कलल्यावर गावच्या शाळेत पोचलो. सामान उतरवलं, खोली लावली. कोंबडा धापा टाकतोय म्हणून सरांनी त्याला पाणी पाजायला सुतळी सैल केली आणि तो सुटला. भिंतीवरून उडाला तो थेट गावातल्या कोंबड्यांत. आम्ही चौघं शासकीय कर्मचारी शेणामातीतून त्याच्यामागे पळालो. शेवटी होमगार्डनं शाळेमागच्या कुडाशी तांबडा, काळ्या शेपटीचा कोंबडा दाबून धरला. पायात सुतळी नव्हती. मी म्हटलंही, "सर, सुतळी कुठंय?" सरांनी त्याला हातात घेतला, छातीचं हाड चाचपलं, मानेखाली फुंकर घातली. "हाऊच शे," म्हणाले. "सुतळी पडनी कोठेतरी." त्यांच्याशी कोंबड्यावरून वाद घालणारा मी कोण?

हिवाळ्यातलं ऊन लवकर उतरतं. आवारात तीन दगड मांडून सरांनी चूल पेटवली, कोंबडा अर्धा शिजवला, तांदूळ पसरले, कणकेची वळी लावली. आम्ही नियमाप्रमाणे गप्प. दिवसभराच्या प्रवासानं माझ्या पोटात कावळे ओरडत होते. आणि तेवढ्यात आवारातल्या मोहाच्या झाडावरून कोंबडा आरवला. तांबडा, काळ्या शेपटीचा. त्याच्या पायातून सुतळीचा तुकडा खाली लोंबत होता.

सरांनी वर बघितलं. मग पातेल्याकडे बघितलं.

"कोणाचा असेल हो?" आमच्यातल्या एकानं विचारलं. उत्तर मोटरसायकलवरून आलं. एका उमेदवार बाईचा नवरा, पांढरा शर्ट, गळ्यात रुमाल. आपला कोंबडा शोधत आला होता. त्यानं कुडाजवळची पिसं बघितली, चुलीवरचं पातेलं बघितलं आणि तो मोठ्यानं हसला. "अरे साहेब! एवढंच ना? खा, खा. आपलाच आहे. घरचंच समजा."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर आम्ही हात जोडले असते. पण तो खुशीत होता आणि "आपलाच आहे" हे त्यानं अशा आवाजात म्हटलं की कुडापलीकडच्या माणसाला ऐकू जावं. कुडापलीकडे एक म्हातारी लाकडाची मोळी घेऊन उभी होती. ती दुसऱ्या उमेदवार बाईची सासू निघाली. तिनं मोळी खाली टाकली आणि पाड्याच्या दिशेनं हाक घातली.

बघता बघता आवार भरलं. बाया, माणसं, सगळी तिच्या बाजूची. कोणी ओरडत नव्हतं, त्यानं मला जास्त भीती वाटली. दारात, भिंतीवर, व्हरांड्याच्या पायरीवर नुसती उभी राहिली. होमगार्डची काठी हातातल्या हातात फिरत होती. दुसऱ्या बाजूचेही लोक येऊ लागले होते आणि तो पांढऱ्या शर्टवाला त्यांना सांगत होता, काही नाही, साहेबांना जेवायला कोंबडा दिलाय. दिलाय! मला त्याचा गळा धरावासा वाटला.

म्हातारी पुढे आली. ती पावरी बोलणारी, आमच्याशी बोलायला मोडकं मराठी, आणि त्यात 'तुम्ही' नव्हतंच. ती सरांना म्हणाली, "कोंबडा त्याचा, पातेलं तुझं. मग उद्याचं मशीन कोणाचं?"

सर चुलीपाशी बसलेलेच होते. मला कळत होतं त्यांना काय दिसतंय ते. निवृत्ती तोंडावर आली असताना तीच भाकर पुन्हा ताटात पडली होती, या वेळी मसाला लावून.

"उद्या मतदान नाही होणार," म्हातारीच्या मागून एक आवाज आला. "मशीन घेऊन जा परत." दुसऱ्या बाजूनं कोणीतरी ओरडलं, "कसं नाही होणार? बघतोच!" गर्दी एक पाऊल पुढे सरकली. होमगार्ड मला म्हणाला, खोलीत जा आणि मशीनपाशी बसा.

तेव्हा सर बोलले. म्हातारीकडे बघून, एकदम साध्या आवाजात. "माय, जराखा थांब. भात करपी जाई."

मला वाटलं, झालं, आता पातेलं आमच्या डोक्यावर येणार. पण काय सांगू, लोक थांबले. भात करपू नये हे दोन्ही बाजूंना पटण्यासारखं होतं. अख्खं आवार, ते भांडायला आलेले आणि हे मिरवायला आलेले, गप्प उभे राहिले आणि सर झाकणाला कान लावून बसले. मला सरांचा संताप आला होता आणि त्याच वेळी गर्दीची भीतीही वाटत होती. शेवटी सरांनी निखारे झाडले, फडक्यानं पातेलं उचललं आणि उभे राहिले.

"मास्तर, दोर लई ये."

व्हरांड्याच्या आढ्याला कधीकाळी शाळेची घंटा टांगायचा आकडा होता. सरांनी पातेल्याच्या दोन्ही कड्यांतून दोर ओवला आणि ते वळी न फोडता, झाकणासकट, त्या आकड्याला टांगलं. सगळ्यांच्या डोक्याच्या वर, सगळ्यांना दिसेल असं. मग लोकांकडे वळून म्हणाले की कोंबडा चुकून यांचा कापला गेला, चूक माझी, झाडावरचा कोंबडा आता यांचा. आणि हे जेवण मतदान संपेपर्यंत इथंच राहील. "हाई पातेलं आते कोनंच नही. ज्याले पाहारा देना शे त्यानी बठो."

मी कानाशी जाऊन म्हटलं, "सर, ओतून टाकू ना सरळ."

"फेकी दिधं ते उद्या लोके म्हनतीन, खाईसन फेकं."

गर्दी पांगली, पण सगळी नाही. दोन्हीकडची चार-चार माणसं उरली आणि म्हातारी व्हरांड्याच्या खांबाला टेकून बसली, नजर सरांवर. आम्ही बिस्किटाचे पुडे फोडले. सरांनी बिस्किटालाही हात लावला नाही. त्या पातेल्याचा वास रात्रभर व्हरांड्यात फिरत होता आणि मी पांघरुणात तोंड खुपसून सरांना, कोंबड्याला आणि लोकशाहीला मनसोक्त शिव्या देत होतो.

सकाळी मतदान सुरू झालं ते वेळेवर. रांग त्या पातेल्याखालूनच जात होती. येणारा प्रत्येक जण आधी वर बघे, मग सरांकडे, मग बोटाला शाई लावून घेई. दुपारपर्यंत दोरावरून मुंग्यांची रांग चढली. सरांचे ओठ सुकले होते, तरी ते फक्त स्वतःच्या पिशवीतलं पाणी घोटघोट पीत होते. दोन्हीकडचे एजंट एकमेकांकडे कमी आणि पातेल्याकडे जास्त बघत होते. कुठं जरा आवाज चढला की माझी नजर दाराकडे जाई. पण एकाही माणसानं दुसऱ्याला धक्का दिला नाही.

मशीन बंद झालं तेव्हा सरांनी दोन्ही बाजूंसमोर पातेलं उतरवलं आणि वाळलेली वळी चाकूनं कापली. आंबूस वास आला. म्हातारी वाकली, काठीनं भात बाजूला सारून बघितलं आणि जाहीर केलं, "दोन्ही तंगड्या आहेत." शाळेमागं खड्डा करून आम्ही ते सगळं पुरलं. इतका देखणा झालेला भात मी आयुष्यात पुरला नव्हता.

मला वाटलं, सुटलो. सुटलो कुठले! मोजणीत पांढऱ्या शर्टवाल्याची बायको पडली आणि त्यानं तक्रार टाकली. केंद्राध्यक्षानं आमचा कोंबडा चोरून खाल्ला, वर आमची बदनामी करायला पातेलं बूथवर टांगलं. खा, आपलाच आहे म्हणणारा हाच! तक्रार पुढे फेटाळली गेली, पण ते नंतर. त्या दिवसांत सर पार खचले. चौकशी लागलेला माणूस तसाच निवृत्त होतो आणि मागे तेवढंच नाव राहतं. ते बाजारात जाईनासे झाले. शनिवारी कोरीटलाही जाईनात. मी विचारलं तर म्हणाले, "काय तोंड दखाडू?"

चौकशीच्या दिवशी आम्ही धडगावातच, तालुक्याच्या ऑफिसात बाकावर बसलो होतो. आमच्या बाजूनं बोलायला आम्हीच, म्हणजे आरोपीच. आणि दारातून ती म्हातारी आत आली. कोणी बोलावलं नव्हतं. सकाळच्या जीपनं घाट उतरून आली होती. मला वाटलं, आता ही राहिलेलं वाटोळं करणार.

ती चौकशी करणाऱ्या साहेबांसमोर उभी राहून पावरीत बोलली. वर्गातल्या मुलांमुळे मला ती भाषा कळू लागली होती. ती म्हणाली, "मी याच्या भल्यासाठी बसले नव्हते. हा कधी खातो आणि मी कधी ओरडते, एवढंच बघत होते. रात्रभर बघितलं, दिवसभर बघितलं. यानं खाल्लं नाही. खाल्लं असतं तर मला झोप तरी मिळाली असती." साहेबांना हसू आवरेना. त्यांनी लिहून घेतलं, तिचा अंगठा घेतला, निर्णय नंतर कळवू म्हणाले.

बाहेर आल्यावर सर तिच्यामागे जवळजवळ धावलेच. "माय, घर चाल. जेवीसन जाय." जीप सुटायला वेळ होता. ती आली आणि ओट्यावर बसली. सरांनी मला कोंबडा आणायला पिटाळलं, स्वतः चूल पेटवली. इतक्या दिवसांनी त्यांच्या घरातून भाजलेल्या खोबऱ्याचा वास येत होता. म्हातारी दारातून सगळं बघत होती आणि कोणी न सांगता गप्प होती. सरांनी कान लावला, निखारे झाडले, वळी फोडली. दाणा न् दाणा मोकळा झालेला, कडेनं तेलाचा लालसर रंग. त्यांनी मोठं ताट घेतलं, चांगले चांगले तुकडे वेचून वर ठेवले आणि तिच्यापुढे नेऊन ठेवलं.

तिनं हात लावला नाही. "साहेबानं कागद बंद केला का?"

"अजून नही, माय."

"मग मी कशी खाऊ?" ती म्हणाली. "उद्या तो म्हणेल, म्हातारी एका ताटासाठी बोलली. मग माझं बोलणं कोण धरेल? आणि तुझं काय होईल?"

सर ताटासमोर उकिडवे बसले होते. तिला भूक लागली होती, ते दिसत होतं. सकाळपासून तिनं काही खाल्लं नसणार. तिनं एकदा पातेल्याकडे बघितलं, पदर खोचला, उठली आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागली. मला भडभडून आलं, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "सर, थांबवा ना तिला."

सरांनी मान हलवली. त्यांनी ते ताट दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे सरकवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा इतका खूश होता की मला आधी काही कळेना.

"तू खाई ले, मास्तर," ते म्हणाले. "आजपावत मनासाठे असं कोनी उपाशी ऱ्हायनं नही."